होडीची परतीची फेरी

आमच्याकडे पाहुणे आले की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. मी चहाचं आधण ठेवते आणि आमचे हे आपल्या गेमची गोष्ट काढतात. "मी एवढासा होतो," असं म्हणत टेबलाच्या उंचीवर हात धरतात, "आणि त्या काळात कॉम्प्युटरवर गेम केला होता. नदी, नदीत दगड, दगडांमधून जाणारी होडी. सगळं एकट्याने!" पाहुणे "काय सांगता!" म्हणतात, हे "मग!" म्हणतात. लग्न झाल्यापासून ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे, की चहा किती उकळला हे मी घड्याळाऐवजी तिच्यावरून ओळखते.

त्या रविवारी मात्र गोष्ट होडीपाशीच अडकली.

"ढोल्या," माझ्या नणंदबाई म्हणाल्या, "तो गेम मी केला होता."

ढोल्या म्हणजे आमचे हे. लहानपणी गुटगुटीत होते म्हणून पडलेलं नाव. आता त्यांच्या अंगातला शर्ट हँगरला अडकवल्यासारखा दिसतो, पण थोरल्या बहिणीच्या तोंडी नाव तेच राहिलं आहे.

हे हसले. "ताई, तू तेव्हा कॉलेजात होतीस. तुला कुठे वेळ होता?"

"मीच केला. आणि तो पुरा झाला नव्हता. होडी पलीकडच्या काठाला पोचते, पण परत येत नाही. परतीची फेरी करायची राहिली."

"काहीतरीच! माझी होडी दोन्हीकडे जायची."

"नाही जायची."

ताईंच्या लेकीने आईच्या हातावर हात ठेवला. "आई, तू दमली आहेस. जरा आडवी होतेस का?" ताप आलेल्या पोराशी बोलतात तसा तिचा आवाज होता.

तो आवाज मला ओळखीचा झाला होता. काही आठवड्यांपूर्वी ताईंच्या मेंदूत रक्ताची बारीकशी गुठळी अडकली. वेळेवर दवाखान्यात नेलं, निभावलं. पण त्यानंतर काही दिवस त्या नळाला दिवा म्हणायच्या आणि चमच्याला किल्ली. शब्द हळूहळू आपापल्या जागी परतले. डॉक्टर एवढंच म्हणाले होते की जुन्या आठवणींत थोडी सरमिसळ होऊ शकते, लक्ष ठेवा. झालं! तेव्हापासून ताई काहीही बोलल्या की घरातलं कुणी ना कुणी त्यांना दुरुस्त करायचं. कुठल्या वर्षी कोणाचं लग्न झालं, गॅलरीचा रंग आधी कोणता होता, सगळं. लेकीचं तर ठरलंच होतं. आईने आपलं घर बंद करावं आणि तिच्याकडे राहायला यावं.

ताईंनी आपला हात सोडवून घेतला. चिडल्या नाहीत. जन्मभर टेलिफोन ऑपरेटर होत्या त्या, समोरचा कितीही ओरडला तरी आवाज चढवायचा नाही ही सवय हाडात मुरलेली.

"ऐका," त्या म्हणाल्या. "तो गेम ढोल्याचा निघाला, तर माझं डोकं फसवतंय असं मी मानेन. घराला कुलूप लावून हिच्याकडे जाईन, एक शब्द न बोलता. माझा निघाला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

"पण आई, तो निघणार कुठून?"

"कॅसेट आहे माझ्याकडे. बटणांच्या डब्यात."

हे खुर्चीतून उठलेच. "माझी कॅसेट तुझ्याकडे आहे?"

"माझी आहे, म्हणून माझ्याकडे आहे!"

कॅसेट होती, पण ती चालवायची कशावर हा प्रश्न होता. तो कॉम्प्युटर ह्यांच्या काकांचा होता. दिसायला नुसता एक जाडसर कीबोर्ड. त्याच्याच पोटात सगळं यंत्र, पडदा म्हणून घरातला टीव्ही जोडायचा आणि प्रोग्रॅम ठेवायचे ते गाण्याच्या साध्या कॅसेटवर. काकांनी तो केव्हाच विकून टाकला होता. आणि एका जातीच्या कॉम्प्युटरची कॅसेट दुसऱ्या जातीवर चालत नाही, असं ताईंनीच मला सांगितलं. म्हणजे अगदी तसाच हवा.

तसाच त्यांनी पाहून ठेवला होता. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत, काचेमागे, फर्नच्या कुंडीखाली. दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन ताई तिथे हजर.

फोटोवाले आधी ऐकेनात. "बाई, ती माझी शोभेची वस्तू आहे. पोरं त्यावर बोटं ठेवून फोटो काढतात. जुन्या काळाचा फील येतो."

"चालू आहे का?"

"फील यायला चालू कशाला लागतो?"

पैशांनी ते बधले नाहीत. ताई मला घेऊन आपल्या घरी आल्या आणि कपाटावरचा काळा फोन काढून पुसायला लागल्या. बोट घालून फिरवायच्या तबकडीचा, विटेसारखा जड. टेलिफोन एक्स्चेंज बंद झालं तेव्हा सोबतच्या मैत्रिणींनी त्यांना भेट दिला होता तो. त्या फोनवर धूळ बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

"ताई, हा देणार तुम्ही?"

"ह्यावर पोरांचे फोटो जास्त चांगले येतील," त्या म्हणाल्या. मग रिसीव्हर कानाला लावून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. तो कशालाही जोडलेला नव्हता. "चल."

अशा रीतीने कॉम्प्युटर घरी आला. पाठीवर कुंडीचं गोल वळं, कळांच्या फटींत माती, आणि मूळचा राखाडी रंग जुन्या उशीच्या अभ्र्यासारखा पिवळा पडलेला. हे संध्याकाळी ऑफिसातून थेट ताईंकडे आले आणि त्याच्याकडे बघून म्हणाले, "हाच! ह्याच्यावरच केला मी." आणि वायर उचलून प्लगकडे निघाले.

ताईंनी त्यांच्या मनगटावर चापट मारली. अगदी खणखणीत.

"आधी आपलं टोक," त्या म्हणाल्या.

एक्स्चेंजमधली त्यांची ही रीत मला पुढे पाठ झाली. लाइन बंद पडली की ऑपरेटरने आधी आपलं टोक तपासायचं, मग तार, मग पलीकडचं टोक. मधूनच कुठेतरी हात घालायचा नाही. त्याप्रमाणे पहिला मान वीज देणाऱ्या डब्याला मिळाला. तो घेऊन आम्ही टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांकडे गेलो. हल्ली ते मोबाइलच जास्त उघडतात, पण जुनं काही आलं की त्यांचा चेहरा उजळतो. मीटर लावून म्हणाले, "हा तर जरुरीपेक्षा जास्त व्होल्टेज सोडतोय. जोडला असतात तर आतलं सगळं जळालं असतं."

ताईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे दुकानातल्या कॅलेंडरकडे पाहू लागले.

टीव्हीवाल्यांनी डबा नीट केला आणि कॉम्प्युटरच्या पोटातले फुगलेले भाग बदलले. कळांच्या खालचा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा मात्र तडकलेला होता. अर्ध्या कळा दाबून काही होत नव्हतं. "हा इथे मिळायचा नाही," ते म्हणाले. तो ऑनलाइन शोधून मागवला कोणी? ताईंच्या लेकीने. तोंड फुगवून, पण मागवला. "एकदाचा निकाल लागू दे," एवढंच म्हणाली.

बाहेरचं कवच माझ्याकडे आलं. जुना टूथब्रश, साबणाचं कोमट पाणी आणि हेअरपिनेला गुंडाळलेला कापूस. कळा एकेक उचकटून ताटात मांडल्या तेव्हा हे म्हणाले, "आता परत कुठली कुठे लावणार?" मी त्यांना मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. संसारात मिक्सर कितीदा उघडून लावलाय मी, ह्यांना काय कल्पना!

मग टीव्ही. नव्या टीव्हीला ह्या यंत्राची भाषा कळेना, म्हणून आमच्या माळ्यावरचा जुना, पोट आलेला टीव्ही हे स्वतः ताईंकडे घेऊन आले. ताईंच्या जिन्यात तीनदा थांबले, तीनदा म्हणाले, "स्वतःच्या गेमसाठी माणूस काय काय करतो!"

"माझ्या गेमसाठी," वरून ताईंचा आवाज आला.

गंमत अशी की दोघांनाही पक्की खात्री होती. त्यामुळे बहीण-भाऊ एकमेकांविरुद्ध भांडत होते आणि एकाच टेबलावर खांद्याला खांदा लावून कामही करत होते. ताईंच्या जेवणाच्या टेबलावर आता जेवायला जागाच उरली नव्हती, आम्ही ताटं मांडीवर घेऊन खायचो. ज्या दिवशी टीव्हीवर पहिल्यांदा पांढरा पडदा आणि खाली कंपनीची एक ओळ उमटली, त्या दिवशी दोघांनी टाळी दिली. नंतर लक्षात आल्यासारखे हात मागे घेतले.

टेपरेकॉर्डर मिळाला, त्यातला विरघळून डांबर झालेला रबरी पट्टा बदलला. कॅसेट उघडून पाहिली तर टेपला मागून रेटणारा नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, इवलासा तुकडा गळून पडलेला. खुर्चीच्या पायांना ओरखडे पडू नयेत म्हणून मी ज्या चिकटवायच्या गोल चकत्या लावते, त्यातली एक कातरली आणि बसवली. ताई म्हणाल्या, "वहिनी, एक्स्चेंजला असतीस तर सुपरवायझर झाली असतीस." मला ते अजून पुरतंय.

आता सगळं तयार होतं. आणि काहीही होईना.

कॅसेट फिरायची, आणि पडदा ढिम्म. ताई पुन्हा आपलं टोक, तार, पलीकडचं टोक करत बसायच्या. सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे कित्येक दिवस गेले. हे कंटाळले. "टेपच पुसली गेली असेल, ताई. इतकी वर्षं झाली." लेक तर एका दुपारी येऊन आईचे गरम कपडे घड्या करून बॅगेत भरायला लागली. उगाच आपलं, हाताला काम म्हणून, असं म्हणाली. ताईंनी बॅगेकडे पाहिलं आणि पुन्हा वायर हातात घेतली.

"आई, आता सोड ना."

"पलीकडून उत्तर येत नाही म्हणजे पलीकडे कोणी नाही, असं नसतं गं."

त्यांनी कॉम्प्युटरची वायर काढली आणि आपला जुना हेडफोन आणला. टेपरेकॉर्डरला दोन भोकं होती. एकाशी कानाचं चित्र, दुसऱ्याशी माइकचं. कॉम्प्युटरलाही तशीच दोन. ताईंनी टेपरेकॉर्डरच्या कानाच्या भोकात हेडफोन खोचला आणि ऐकू लागल्या. मग एकदम तो काढला. मग पुन्हा खोचला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"हा कान त्याचा नाही. हा माझ्यासाठी आहे. इथून आवाज बाहेर येतो!"

मला कळायला जरा वेळ लागला. ताईंनी पहिल्या दिवसापासून टेपरेकॉर्डरचा माइक कॉम्प्युटरच्या कानाला जोडला होता. जन्मभर तेच केलं होतं त्यांनी, एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी जोडायचं. कान कानाला जोडला तर बोलणार कोण? पण ह्या यंत्रांची रीत उलटी होती. कानाला कानच जोडायचा होता. काकांच्या वेळी वायरींना फक्त काका हात लावायचे, त्यामुळे ताईंना हे पाहायला मिळालंच नव्हतं.

लेक हळूच म्हणाली, "बघ आई. म्हणूनच मी म्हणते, तुझी सरमिसळ होते."

"चूक मीच केली आणि मीच काढली," ताई म्हणाल्या. "तुझ्या डॉक्टरांना दोन्ही सांग. आता ढोल्याला फोन कर. म्हणावं, ये."

हे आले. कान कानाला जोडला. कॅसेट सुरू केली तशी आधी एकसुरी लांबलचक शिट्टी, मग पत्र्यावर खिळे ओतल्यासारखा कर्कश आवाज, आणि टीव्हीच्या कडांवर रंगीत पट्ट्या धावायला लागल्या. आम्ही चौघंही श्वास रोखून बसलो. अर्ध्यावर पट्ट्या थांबल्या. चूक, म्हणाला पडदा.

टीव्हीवाल्यांनी सांगून ठेवलं होतं, असं झालं तर टेपला टेकणारं हेड वाकडं असतं. एक बारीक स्क्रू आहे, तो फिरवत राहा, आवाज सगळ्यात धारदार होईल तिथे थांबा. ताईंनी स्क्रूड्रायव्हर घेतला, लावला, आणि खाली ठेवला.

"मला धार ऐकूच येत नाही," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं कानाला हेडफोन लावून वरचे बारीक आवाज त्यांचे कधीच गेले होते. "ढोल्या, तुझे कान चांगले आहेत. तू कर."

हे खुर्ची ओढून जवळ आले. मग स्क्रूवर वाकले. डावीकडे जरासं, उजवीकडे जरासं, डोळे मिटून. "बोथट... अजून बोथट... थांब. आत्ता. हा! सुरीसारखा." आणि हात असा झटकन काढला, जसं मूल झोपल्यावर आपण पाळण्यावरून काढतो.

ह्या वेळी पट्ट्या शेवटपर्यंत धावल्या.

पडदा काळा झाला. निळी नदी उमटली. वर मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'होडी' असा शब्द आला आणि त्याच्याखाली ह्यांचं पूर्ण नाव, आडनावासकट.

"बघ! बघ!" हे खुर्चीवरून उडालेच. "काय म्हणत होतो मी?"

लेकीने आईकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. ताईंचा चेहरा असा उतरला होता की मला पदर तोंडाशी न्यावासा वाटला. त्या ते नाव पुन्हा पुन्हा वाचत होत्या. ओठ हलत होते. दवाखान्यात नळाला दिवा म्हटल्यावर समोरचा हसला, तेव्हा दिसला होता तोच हा चेहरा.

मग त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकवले.

"नाव दिसलं," त्या म्हणाल्या. "आता खेळ."

"ताई, राहू दे ना," हे म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. जिंकल्याचा आनंद त्या चेहऱ्यापुढे टिकला नव्हता.

"खेळ, ढोल्या."

हे खेळू लागले. चौकोनी दगड, त्यांच्यामधून जाणारी टोकदार होडी. पहिल्यांदा आपटली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा दगड चुकवत चुकवत ती उजव्या काठाला लागली. 'पोचलात' असे शब्द उमटले. आणि बस. ह्यांनी डावीकडे नेणारी कळ दाबली. पुन्हा दाबली. होडी हलेना.

"परत जात नाही," लेक म्हणाली.

"अडकली असेल कळ," हे म्हणाले, पण पुटपुटल्यासारखे.

ताईंनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. गेम थांबवला. "ह्याच्या प्रत्येक ओळीला नंबर असतो," त्या लेकीला म्हणाल्या. "दहा, वीस, तीस, असं दहा-दहाने लिहीत जातात. होडी काठाला लागते ती ओळ पाचशेची. त्याच्यापुढे मी एकदम सातशेवर गेले. मधले नंबर मोकळे ठेवले, परतीची फेरी तिथे बसवायची म्हणून. तसं नसेल, तर उद्या बॅग घेऊन निघू."

त्यांनी चार अक्षरं टाइप केली. ओळी पडद्यावर सरकू लागल्या. चारशे ऐंशी. चारशे नव्वद. पाचशे.

सातशे.

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होईना.

"मग माझं नाव कसं?" हे शेवटी म्हणाले. भांडायला नव्हे. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"ते मला आठवत नाही," ताई म्हणाल्या. "खरंच नाही."

हे त्या पडद्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले. लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा झाले होते तसे.

"तू मला हात लावू देत नव्हतीस," ते म्हणाले. "मी रडलो. लोळलो जमिनीवर. तू म्हणालीस, तुझं नाव टाकते वर, पण गप्प बस. मी गप्प बसलो. मग रोज नावच बघत होतो ना मी, ताई. रोज माझंच नाव यायचं."

"मग गप्प कुठे बसलास? सगळ्या जगाला सांगत सुटलास की!"

आधी लेक हसली, मग आम्ही सगळेच. हसता हसता लेकीने डोळे पुसले, आत गेली, आणि कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. गरम कपडे परत फळीवर चढत होते. ताईंनी तो आवाज ऐकला असणार, तो काही बारीक नव्हता. पण त्यांनी मान वळवली नाही. चष्मा पुसून नाकावर नीट बसवला.

"ढोल्या, सरक इकडे. मी लिहिते, तू नंबर सांग. पाचशे दहापासून."

"पाचशे दहा," हे म्हणाले.

मी चहाचं आधण ठेवलं. स्वयंपाकघरात ऐकू येत होतं, नंबर, मग कळांची टकटक, मग "थांब, चुकलं", मग पुन्हा नंबर. चहा दोनदा गरम करावा लागला. ताई मध्येच अडायच्या, डोळे मिटून बोटं हवेत हलवायच्या, एखादी ओळ पुसून दुसरी लिहायच्या. हे एकदा म्हणाले, "नको तर उद्या करू." त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

ऊन गॅलरीतून निघून गेलं तेव्हा त्यांनी लेकीला हाक मारली. "ये गं, तू खेळ. मामा सारखा आपटतो."

लेकीने होडी अलगद दगडांतून नेली, काठाला लावली. 'पोचलात.' मग तिने डावीकडची कळ दाबली, आणि होडी सुटली. हळूच, अडखळत, पण सुटली. फक्त तिचं टोक अजून उजवीकडेच होतं. ती मागच्या मागे सरकत येत होती.

"ताई, उलटी चाललीय ती!" हे ओरडले.

"चालू दे," ताई म्हणाल्या. "येतेय ना परत?"